चाड्यावरचा हात

आमच्या घरात हट्ट कोणाचा चालायचा असं कोणी विचारलं, तर मी डोळे मिटून थोरल्या जाऊबाईंकडे बोट दाखवीन. झुंबरबाई त्यांचं नाव. अंगाने काडी, पण आवाज शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. मी धाकटी सून म्हणून या घरात आले तेव्हा पहिले दोन महिने मला वाटायचं, ही बाई सारखी माझ्यावर का खेकसते. मग कळलं की ते त्यांचं साधं बोलणं आहे. खऱ्या रागावल्या की गप्प बसतात, आणि ते जास्त वाईट.

आमचं रान धामणगाव बढ्याच्या शिवारात. महाराष्ट्र झाला त्याला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. पेरणीला भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ निवृत्ती, तिफण हाकायचे आणि जाऊबाई चाड्यावर मूठ धरायच्या. चाडं म्हणजे तिफणीच्या वरचा लाकडी पेला. त्यात बी पडतं आणि खालच्या तीन नळ्यांतून मातीत उतरतं. बियाची ओटी कमरेला बांधायची, उजवा हात पुढे करून मूठ त्या पेल्यावर धरायची, आणि चालता चालता बोटांतून बी सोडत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हात छातीच्या उंचीला तोलून धरून बघा, मग बोला. जाऊबाईंच्या मुठीतून बी असं पडायचं की आठ दिवसांनी उगवलेली ओळ बघायला लोक बांधावर थांबायचे. आमच्या घरात त्या हाताचा मान होता, आणि त्यांनाही तो पुरता ठाऊक होता.

तो हात मोडला पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात. त्याआधी वैरणीची शेवटची खेप घरी आणायची म्हणून जाऊबाई भरल्या गाडीवर बसून येत होत्या. नाल्याच्या चढावर एक बैल बुजला, चाक कडेच्या दगडावर चढलं आणि गाडी कलली. त्या वरून थेट उजव्या खांद्यावर पडल्या. बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी बाईचा खांदा मोडला म्हणून गावात दोन दिवस हसणं चाललं होतं. मला काही हसू आलं नाही. त्यांचा हात नुसता लोंबत होता.

गावातला कचरू हाडं बसवायचा. त्याच्या हाताला यश होतं, उगाच नावं ठेवणार नाही. गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला आपण हासळी म्हणतो, ते खांद्याकडच्या टोकाला मोडलं होतं. त्याने नीट बसवलं, बांधलं, हात गळ्यात अडकवला. आठ दिवसांनी पट्टी सोडली तर हाडाचं टोक पुन्हा वर आलेलं, कातडीखाली चिंचोक्याएवढं टेंगूळ. त्याने परत बसवलं. परत वर आलं.

"हे माह्या हातचं नाही," कचरू म्हणाला. "हाड जुयते. पण याले खाली धरून ठेवनारं जे काई असते, थेच तुटलं दिसते. अकोल्याले दाखवा."

सासूबाईंनी नाक मुरडलं. सोजराबाई त्यांचं नाव, आम्ही दोघी त्यांना आत्याबाई म्हणायचो. "टेंगूळ राह्यलं त राहू दे. हासळी मोडली म्हनून कोनी मेलं काय? रंगरावच्या पोराची मोडली होती, महिन्यात झाडावर चढला थो."

त्यावर जाऊबाईंनी काय करावं? त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. तिथे तिफण भिंतीला टेकवून ठेवलेली. मला म्हणाल्या, "विमले, सरळ उभी धर." मी धरली. त्यांनी मूठभर ज्वारी घेतली आणि हात चाड्यावर धरला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले, तरी हात धरला. थोडा वेळ मूठ राहिली, मग खाली यायला लागली. त्या वर नेत होत्या आणि ती खाली येत होती. शेवटी ज्वारी सगळी माझ्या पायावर सांडली.

"पायलं ना," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "मी अकोल्याले जातो."

भासरे दारात उभे होते. ते मुळात कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, "उद्या गाडी जुंपतो."

पण बायकांचं दुखणं, सोबतीला बाई पाहिजे, म्हणून मला जावं लागलं. माझे हे, म्हणजे रामराव, नांदुऱ्याला कापसाच्या जिनात कामाला. आम्ही नांदुऱ्याला आलो, यांनी आगगाडीत बसवून दिलं, आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दोघी आणि भासरे जाऊन पोचलो. भासऱ्यांसमोर मी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, सावलीलाही अंतर ठेवायचं, अशी आमची रीत. अख्खा प्रवास मी लोकांचे पाय बघत केला.

हाडांचे डॉक्टर नागपूरहून शिकून आलेले होते. तरुण, पण चेहऱ्यावर झोप नसल्यासारखे. त्यांनी टेंगळावर बोट दाबलं तर ते खाली गेलं, सोडलं तर वर आलं, पेटीची पट्टी दाबून सोडावी तसं. मग फोटो काढला. काचेसमोर धरून समजावलं ते मला अजून आठवतं.

"गाडीचं जू नाड्याने बांधतात ना? हे हाड म्हणजे जू. खालच्या हाडाला ते दोन मजबूत बंधांनी बांधलेलं असतं. तुमचं जू टोकाला मोडलंय आणि बंधही तुटलेत. नुसतं हाड मोडलं असतं तर मी पट्टी बांधून घरी पाठवलं असतं. हे पट्टीने बसणार नाही."

"मंग कायनं बसीन?" जाऊबाईंनी विचारलं.

"चिरून. बंध शिवायचे, हाड जागेवर आणायचं आणि ते शिवण धरेपर्यंत खांद्याच्या टोकातून हाडात एक तार घालून ठेवायची. नंतर ती तार काढायची. पण मी हे सगळ्यांचं करत नाही. ऑपरेशन एका सकाळचं असतं. त्यानंतर मी सांगेन तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही. शेतातली माणसं हो म्हणतात आणि घरी जाऊन पाटी उचलतात. शिवलेलं तुटतं, आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होतं."

"मी उचलनार नाही."

"काम आलं तर?"

"काम त येनारच हाये. मी उचलनार नाही, सांगतलं ना."

डॉक्टरांनी भासऱ्यांकडे पाहिलं. भासरे जमिनीकडे बघत होते. मग डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ठीक आहे. बाई पक्की दिसते."

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर भाकरी थापत होते. हात थापत होते आणि जीव आत होता. त्यांना भूल द्यायला आत नेलं तेव्हा जाताना मला म्हणाल्या, "भाकर करपवू नको." एक करपलीच. दुपारी बाहेर आणलं तेव्हा तोंड पिवळं पडलेलं, खांद्यावर ही एवढी पट्टी. भूल उतरल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर, "हात हाये ना?" मला रडू आलं. मी सांगितलं, आहे, आणि आता तोंड बंद ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले, आणि त्यांनी ऐकलं.

टाके निघाल्यावर आम्ही घरी आलो. हात गळ्यात. सायकलच्या तारेएवढी एक तार आत, तिचं वाकवलेलं टोक खांद्याच्या कातडीखाली हाताला लागायचं. जाऊबाईंनी शब्द पाळला. न्हाऊ-माखू मी घालायचे, वेणी मी घालायचे, आणि वेणी नीट नाही म्हणून बोलणीही मीच खायचे. ज्या बाईला क्षणभर बसवत नसे ती ओसरीवर बसून डाव्या हाताने शेंगा सोलायची. मी मनातल्या मनात म्हणायचे, किती दिवस निघतील हे.

खरा घात झाला तो घटस्थापनेच्या आसपास. मी धुणं घेऊन नदीवर गेले होते. तारेच्या टोकावरची कातडी दोन दिवस लाल झाली होती, ठणकत होती. आत्याबाईंनी ती पाहिली. आता आत्याबाईंचं असं, की बाभळीचे काटे काढण्यात गावात त्यांच्यासारखी कोणी नाही. आत मोडलेला काटा असला की त्यावर रुईचा चीक लावायचा, वर फडकं बांधायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी नरम होऊन काटा आपोआप तोंड काढतो. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, आणि दर वेळी काटा निघाला होता. त्यांना वाटलं, आंग लोखंडाला बाहेर टाकतंय, त्याला जरा मदत करावी. जाऊबाईंनाही ते पटलं. डॉक्टरांनी हात उचलू नका म्हणून सांगितलं होतं, रुईच्या चिकाचं कोणी काही बोललं नव्हतं.

मी परत आले तर खांद्यावर फडकं बांधलेलं. दुसऱ्या दिवशी कातडीला फोड आले. तिसऱ्या दिवशी ती फाटली, तारेचं टोक उघडं पडलं आणि जाऊबाईंना ताप भरला. आत्याबाईंचा काटा निघाला होता खरा.

या वेळी आत्याबाई स्वतः अकोल्याला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. डॉक्टरांनी पट्टी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी केलं?"

"म्या," आत्याबाई म्हणाल्या. पदर नाही सावरला, मान खाली नाही घातली.

डॉक्टर ओरडणार होते, मी बघितलं. पण त्या म्हातारीकडे पाहून ते नुसते खुर्चीवर बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. जखमेत पू झालाय, तार आता आत ठेवता येणार नाही, आजच काढावी लागेल. ती अजून कितीतरी दिवस हाड धरून ठेवणार होती. आता हाडाला धरून आहे ती नुसती शिवण आणि तिच्याभोवती जे कोवळं भरलंय ते. हात छातीशी बांधून ठेवायचा, मार्गशीर्ष लागेपर्यंत. एवढ्यात एकदा जरी हात ताणला, वजन घेतलं, तर शिवण उसवेल. "आणि दुसऱ्यांदा शिवायला तिथे काही उरलेलं नसेल," ते म्हणाले. "मग हा हात असाच राहील, कायमचा."

जाऊबाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि हात छातीशी घेतला.

परतीच्या गाडीत आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. नांदुरा येईस्तोवर त्यांनी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. जाऊबाई त्यांना एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. उलट उतरताना म्हणाल्या, "आत्याबाई, पायरी पायजा." मला तर त्या म्हातारीचा इतका राग आला होता की मी दोघींकडे बघतही नव्हते.

मार्गशीर्ष म्हणजे दिवाळी जाऊन आणखी महिना. आणि आमच्याकडे हरभरा कधी पेरतात? दिवाळीच्या आगेमागे. पाऊस निघून गेल्यावर काळ्या मातीत जी ओल धरून असते, तिचे मोजके दिवस असतात. वाफसा गेला की बी टाकून उपयोग नाही. त्या दिवसांत गावातली प्रत्येक तिफण जुंपलेली, प्रत्येक पेरणारी बाई कुणाच्या ना कुणाच्या रानात. मागून मिळत नाही. माझे हे जिनात अडकलेले, कापसाचा हंगाम सुरू झालेला, सुट्टी कोण देणार?

भासऱ्यांनी दोन दिवस वाट पाहिली. रोज सकाळी रानात जायचे, मूठभर माती उचलून दाबायचे, परत यायचे. ते बायकोला काही म्हणाले नाहीत. म्हणाल्या त्या आत्याबाई. सकाळी चुलीपाशी आम्ही तिघी होतो.

"झुंबरे, एक दिवस. एकच दिवस हात सोड. संध्याकायी परत बांधू. ओल चालली, माय."

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"अर्धा दिवस."

"अर्धा घंटाही नाही, आत्याबाई. डॉक्टरले शब्द देल्ला, थो राहू द्या. मले हा हात पायजे. या सालापुरता नाही, जलमभर पायजे."

"मंग पेरील कोन?"

"विमल पेरीन."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मीच काही वेडंवाकडं बोलले होते. "भासऱ्यासंगं? त्याच्या बाजूनं चालत? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायच्या रानात नाही पेरून राह्यलो आपन," जाऊबाई म्हणाल्या आणि डाव्या हाताने चहाची कपबशी उचलून ओसरीवर गेल्या.

मला कोणी विचारलंच नाही. दुसऱ्याच्या जिवावर शब्द पाळायला या बाईचं काय जातं, असं मनात आलं आणि मी ते बोललेही. ओसरीवर जाऊन तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हाव, तुह्याच जिवावर. दुसरं कोन हाये मले?" मी ओटी बांधायला लुगडं शोधलं.

अख्ख्या धामणगावाने तो तमाशा पाहिला. भासरे तिफणीला, मी बाजूला, पदर हनुवटीपर्यंत, आणि हात चाड्यावर. पदराआडून मला चाडं दिसेना. बी कधी भसकन पडायचं, कधी बाहेर सांडायचं. बांधावर जाऊबाई आणि आत्याबाई. जाऊबाईंचा आवाज सुरूच. "मूठ ढिली कर. इतकी नाही. हात पुढं. तिफन नाही, तू लंगडून राह्यली." भासरे बिचारे मान पलीकडे वळवून बैल हाकत होते, त्यामुळे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, त्याही वाकड्या. शेजारच्या रानातले लोक काम सोडून उभे राहिले. तोंडात दात नसलेला एक म्हाताराही हसत होता.

दुसरं वळण घेताना बियाची मूठच्या मूठ मातीवर सांडली. बांधावर आवाज थांबला. मी पदराच्या फटीतून पाहिलं. जाऊबाई उभ्या राहिल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी बांधलेला उजवा हात मनगटाशी असा धरला होता, जसं पळत्या वासराला धरावं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. एक पाऊल रानात टाकलं, आणि तिथेच थांबल्या. मला वाटलं, आता येतात. आता हात सोडतात. खरं सांगते, मी मनातून म्हणत होते, या हो, या.

त्या आल्या नाहीत. आल्या आत्याबाई. ढेकळांतून ठेचकाळत, लुगडं एका हाताने उचलून. माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि माझ्या डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी मागे सारला, पार अंबाड्यापर्यंत. भर उन्हात, भासऱ्यांच्या समोर, शंभर माणसांच्या देखत माझं तोंड उघडं.

"पेर," मला म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "अन तू बैलाकडं पाय. तास सरळ घे. ही तुही लेक हाये असं समज."

भासरे म्हणाले, "हाव, माय." आणि बैल चालले.

तो हरभरा कसा उगवला ते विचारू नका. एका जागी झुपका, दुसऱ्या जागी टक्कल. हिवाळाभर जाऊबाई तो रस्त्याने जाणाऱ्याला दाखवायच्या, "पाहा, आमच्या विमलीचा हरभरा." पण घरात पोती आली. रीत मोडली म्हणून चार ठिकाणी आमचं नाव निघालं, तेही निघून निघून थांबलं.

मार्गशीर्षात अकोल्याला पट्टी सोडली. डॉक्टरांनी टेंगूळ जिथे होतं तिथे बोट दाबलं. हाड हललं नाही. त्यांनी परत दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "धरलंय." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले आणि उगाच बाहेर बघत राहिले.

पण हात वर जाईना. काडीसारखा वाळलेला, खांदा जखडलेला. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, रोज थोडं वर. ओसरीच्या मातीच्या भिंतीवर जाऊबाई चढू लागल्या. पहिले कितीक दिवस बोटं कमरेच्या वर जायची नाहीत. दुखायचं, त्या मोठ्याने रडायच्या, शिव्या द्यायच्या, भिंतीला, बैलाला, मला. रडणं झालं की परत बोटं भिंतीला. आत्याबाई शेजारी पाटावर बसून राहायच्या. त्या एकदाही पुरे म्हणाल्या नाहीत. होळीपर्यंत हात छातीपर्यंत आला, उन्हाळ्यात डोक्यापर्यंत. तुम्हाला सांगते, ते बघणं सोपं नव्हतं. आपण बाळंतपणं काढतो, पण स्वतःहून रोज उठून दुखण्यापाशी जायचं म्हणजे वेगळं काळीज लागतं. ते माझ्याकडे नाही.

मृगाची पेरणी आली तेव्हा त्यांनी कोणाला विचारलं नाही. सकाळी ओटी बांधली आणि तिफणीमागे उभ्या राहिल्या. मी पाण्याची घागर घेऊन बांधावर. मूठ चाड्यावर गेली आणि बी पडायला लागलं. मी ऐकत होते, पाहत होते, तो हात खाली येतो का एवढंच. पहिला तास गेला. दुसरा गेला. न्याहारी झाली, ऊन चढलं. दुपारी त्यांचा चेहरा तांबडा झाला होता, मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या. वळणावर तिफण थांबली तेव्हा मी पाणी घेऊन गेले. पदर तोंडावर नव्हता. मीही ओढला नाही आणि भासऱ्यांनीही मान वळवली नाही.

आत्याबाई मागोमाग आल्या होत्या. त्यांनी जाऊबाईंच्या खांद्याला हात लावायला नेला आणि अलीकडेच थांबवला.

"दुखते काय व?"

"दुखते," जाऊबाई म्हणाल्या. "पण वर राह्यते."

त्यांनी मूठ भरली आणि भासऱ्यांना म्हणाल्या, हाका.